मांजरीचीं पिलें चावतात तीं कां, आणि त्यांस वळण कसें लावावें

ज्या घरांत धान्याची सांठवण आहे त्या घरांत उंदीर यावयाचाच, आणि जेथें उंदीर आहे तेथें मांजर असावें, हें शेतकऱ्यास कोणीं मुद्दाम सांगावयास नको. देशावरील कणगी व बळद असो, कोंकणांतील भाताचा मुडा असो, किंवा आजची पत्र्याची कोठी असो, राखण मांजराचीच. सबब सुगीच्या सुमारास एखाद्या शेजाऱ्याकडून वा सोयऱ्याकडून मांजरीचें पिलूं मागून आणण्याचा प्रघात खेडोपाडीं आहे. पिलूं येतें, चार दिवस चुलीमागें किंवा माळ्यावर दडून बसतें, मुलांच्या हातचें खाऊं लागतें, आणि मग एके दिवशीं दाराआडून झेप घेऊन घरधनिणीच्या घोट्यास कडकडून चावतें. येथून तक्रारीस प्रारंभ होतो.

तक्रारीचा पुढील क्रमहि ठरलेला आहे. पिलूं जातीचेंच खुनशी निघालें, असा शेरा घरांतील कोणी वडील माणूस मारतो. मग त्यास चापट बसते, पुढें केरसुणी बसते. पिलूं कांहीं दिवस भेदरतें, नंतर पूर्वीपेक्षांहि अधिक चावूं लागतें. शेवटीं एके रात्रीं तें पोत्यांत घालून ओढ्यापलीकडे किंवा बाजाराच्या गांवीं सोडून दिलें जातें. पुढील सुगीस उंदीर असतात, मांजर नसतें, आणि पुन्हां एक पिलूं शोधावें लागतें. प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यान्वयें जनावरास असें मारझोड करणें व कारणावांचून टाकून देणें हा गुन्हा आहे, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. परंतु कायदा बाजूस ठेवला तरीहि हा व्यवहार नुकसानीचाच आहे.

वस्तुतः जें पिलूं माणसाच्या पायावर झेप घेतें तें खुनशी नसतें. ज्या गुणाकरितां आपण त्यास घरांत आणिलें तोच गुण तें दाखवीत असतें. मात्र त्या गुणास योग्य विषय मिळालेला नसतो. आणि पुष्कळ वेळां तो अयोग्य विषय, म्हणजे माणसाचा हात वा पाय, आपणच त्याच्या पुढें केलेला असतो. हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे उपाय फारसा कठीण नाहीं.

पिलाच्या वाढीचा क्रम प्रथम पाहूं. जन्मतः पिलूं आंधळें व बहिरें असतें. साधारणतः सातव्या ते दहाव्या दिवशीं डोळे उघडूं लागतात. तिसऱ्या आठवड्यांत तें अडखळत चालतें व चौथ्या आठवड्याच्या सुमारास भावंडांशीं झोंबूं लागतें. दुधाचे २६ दांत सहाव्या आठवड्यापर्यंत बहुतेक येऊन जातात. ते सुईसारखे तीक्ष्ण असतात हें ज्यानें एकदां बोट घालून पाहिलें आहे त्यास सांगणें नको. सातव्या-आठव्या आठवड्यापासून पिलाचें लक्ष हलणाऱ्या वस्तूंकडे विशेष जातें. वाळलेलें पान, लोंबणारी सुतळी, लुगड्याचा काठ, पाळण्याची दोरी, जें हालेल त्यावर तें दबा धरतें. पुढें तिसऱ्या-चौथ्या महिन्यांत दुधाचे दांत पडूं लागतात व सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के ३० दांत येतात. ह्या अवधींत हिरड्या शिवशिवत असल्यामुळें पिलूं दिसेल तें चावीत असतें.

ह्या खेळांत पिलूं काय करितें तें नीट निरखून पाहण्यासारखें आहे. तें प्रथम जमिनीसरसें दबतें, ढुंगण किंचित् हलवितें, मग झेपावतें, पुढील दोन पायांनीं मिठी मारतें, मागील दोन पायांनीं भराभर खरवडतें व मानेवर दांत रोवूं पाहतें. ह्यांपैकीं एकहि हालचाल निरर्थक नाहीं. उंदीर धरणारें मोठें मांजर हेंच करितें. दबा, झेप, मिठी व मानेचा चावा हाच क्रम शिकारींतहि असतो. ‘मांजराचा खेळ होतो पण उंदराचा जीव जातो’ ही म्हण आपल्याकडे प्रसिद्धच आहे. माणसाच्या बोटास पिलूं जेव्हां मिठी मारतें तेव्हां त्या बोटास त्यानें तात्पुरतें उंदराचें पद दिलेलें असतें.

आतां भावंडांशीं खेळतांना पिलूं एक दुसरी विद्या शिकतें, आणि ती विद्या माणसाच्या दृष्टीनें फार मोलाची आहे. एका पिलानें दुसऱ्यास जोरानें चावा घेतला तर दुसरें ओरडतें, उलट चावतें, किंवा खेळ टाकून चालूं लागतें. आईचें शेपूट फार जोरानें ओढलें तर आई पंजानें दाबून धरिते किंवा उठून जाते. दिवसांतून अनेक वेळां हा अनुभव येतो, तेव्हां किती जोरानें चावलें असतां खेळ टिकतो व किती जोरानें चावलें असतां खेळ मोडतो, हें पिलाच्या अंगवळणीं पडतें. दांतांस आवर घालण्याचें आणि खेळांत नखें आंत ठेवण्याचें शिक्षण असें घडतें. हें शिक्षण माणसास तितकेंसें देतां येत नाहीं. तें भावंडांत व आईपाशींच व्हावयाचें.

आणि नेमकें हेंच शिक्षण आपल्या रीतीनें तुटतें. मांजरी आपलीं पिलें सात घरें फिरविते असें आपण म्हणतों. ती तीं फिरविते तीं सुरक्षित जागेच्या शोधांत, तोंडानें मानेस धरून, आणि पिलूं तेव्हां अंग सैल सोडून निमूट लोंबत राहतें. ‘मार्जारकिशोरन्याय’ म्हणून शास्त्रकारांनीं ज्या निश्चिंततेचा दाखला घेतला ती हीच. परंतु सात घरें फिरून होण्यापूर्वींच पिलूं तिच्यापासून काढून नेलें जातें. डोळे उघडले, वाटींतील दूध चाटूं लागलें, म्हणजे पिलूं तयार झालें असें समजून महिन्याभराचें पिलूं नेणारे लोक आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. हें वय फार लहान होय. फिनलंडांतील हेलसिंकी विद्यापीठांतील संशोधकांनीं १९१७ नव्हे, अगदीं अलीकडे २०१७ सालीं ५,७२६ मांजरांची त्यांच्या मालकांकडून माहिती मिळवून प्रसिद्ध केली. आठ आठवड्यांच्या आंत आईपासून तोडलेल्या मांजरांत आक्रमकपणा अधिक आढळला, आणि चौदा आठवडे किंवा त्याहून अधिक काळ आईजवळ राहिलेलीं मांजरें त्या मानानें सौम्य निघालीं. आपल्याकडे चौदा आठवडे थांबणें प्रत्येकास साधेल असें नाहीं. परंतु आठ आठवड्यांच्या आंत पिलूं उचलूं नये आणि बारापर्यंत थांबतां आलें तर थांबावें, इतका नेम तरी पाळण्यास हरकत नसावी.

येथें एक अडचण उभी राहते. पिलाचें मन माणसास सरावण्याचा उत्तम काळ दुसऱ्यापासून सातव्या आठवड्यापर्यंतचा असतो. त्या काळांत ज्यास माणसाचा हात लागला नाहीं तें पिलूं पुढें रानवट राहतें व भीतीनें चावतें, आणि भीतीचा चावा खेळाच्या चाव्याहून वाईट. यास्तव पिलूं ठेवावें आईजवळच, पण ज्यांच्या घरीं तें जावयाचें त्यांनीं अधूनमधून जाऊन त्यास हाताळावें, मांडीवर घ्यावें, चार शब्द बोलावे. शेजारचेंच घर असल्यास मुलांस हें काम आनंदाचें वाटतें. गोठ्याच्या माळ्यावर व्यालेल्या मांजरीच्या पिलांसहि, मांजरी माणसाळलेली असल्यास, असेंच हाताळीत जावें.

दुसरी सूचना अशी कीं, शक्य असल्यास एकाच वेतांतील दोन पिलें आणावीं. एकटें पिलूं दिवसभर खेळगड्याच्या शोधांत असतें व तो गडी त्यास माणसाच्या पायांत सांपडतो. दोन असलीं म्हणजे तीं एकमेकांच्या माना धरतात आणि माणसांचे पाय मोकळे राहतात. दोन मांजरांचा खर्च शेतकऱ्याच्या घरीं कांहीं फार होत नाहीं. दोहोंची वेळींच शस्त्रक्रिया करून घेतली म्हणजे पुढील संततीचा प्रश्नहि उरत नाहीं.

आतां हाताविषयीं. पिलूं चिमुकलें असतें तेव्हां त्याच्यापुढें बोटें नाचविण्याचा मोह घरांतील सर्वांस होतो, आणि त्यांत आजोबा सर्वांत पुढें असतात. पिलूं बोट धरतें, सर्वजण हंसतात. दोन महिन्यांचें पिलूं चावलें तर गुदगुल्या होतात; तेंच पांच महिन्यांचें झालें म्हणजे रक्त निघतें. पिलानें आपला खेळ बदललेला नसतो. बदललेलें असतें त्याच्या जबड्याचें बळ. कालपर्यंत ज्यास हंसून शाबासकी मिळत होती त्यासाठीं आज मार कां, हें त्या बिचाऱ्यास कळण्यास मार्ग नाहीं. म्हणून पहिल्या दिवसापासून घरांत एकच नियम असावा: हात हा पिलास खाऊं घालण्याचा व कुरवाळण्याचा, खेळण्याचा नव्हे. हा नियम घरांतील प्रत्येकानें पाळला पाहिजे. चौघांनीं पाळला व पांचव्यानें गमतीखातर मोडला तर तो कोणींच न पाळल्यासारखा होतो, किंबहुना त्याहून वाईट. कारण कधीं मिळणारें व कधीं न मिळणारें बक्षीस जनावर अधिक चिकाटीनें शोधतें.

इतकेंहि करून पिलानें हात धरलाच तर काय करावें? हात झटक्यानें ओढूं नये. पळणाऱ्या वस्तूस घट्ट धरणें हा मांजराचा स्वभाव आहे. हात ओढला कीं दांत व नखें अधिक रुततात, आणि सर्वांत मोठे ओरखडे असेच उमटतात. हात जागच्या जागीं निश्चल ठेवावा. मेलेल्या उंदरांत पिलास गोडी नसते. दोन क्षणांत पकड सैल होते. मग हात सावकाश काढून घ्यावा, कांहीं न बोलतां उठावें व दोन-चार मिनिटें पिलाकडे ढुंकूनहि पाहूं नये. शक्य तर दुसऱ्या खोलींत जाऊन दार लोटून घ्यावें. भावंडाचा जो न्याय, चावलास तर खेळ संपला, तोच हा. पायावर झेप घेतली तरीहि हेंच: पाऊल थांबवावें, ओरडूं नये, नाचूं नये. पाय आपटणें व किंचाळणें हें पिलाच्या दृष्टीनें खेळ रंगल्याचेंच लक्षण ठरतें.

हा उपाय सुरू केल्यावर पहिले कांहीं दिवस चावणें वाढल्यासारखें वाटतें. येथें बहुतेक लोकांचा धीर सुटतो. हुकमी मिळणारा खेळ एकाएकी बंद झाला म्हणजे पिलूं तो पुन्हां मिळविण्यासाठीं आधीं जास्त जोर लावून पाहतें. त्या दिवसांत घरच्यांनीं नियम सोडला नाहीं तर पुढें जोर ओसरतो. सोडला तर जास्त जोरानें चावल्यानें काम होतें इतकाच धडा तें शिकतें.

माराविषयीं आमचें मत स्पष्ट आहे. मार निरुपयोगी आहे. चापटीचा व चाव्याचा संबंध पिलाच्या ध्यानांत येत नाहीं. चापट व हात ह्यांचा संबंध मात्र पक्का बसतो. मग तोच हात कुरवाळावयास पुढें आला तरी पिलूं कान पाडून फिसकारतें, आणि खेळाच्या जागीं भय येतें. नाकावर टिचकी मारणें, मान धरून जमिनीस दाबणें, अंगावर पाणी फेंकणें हे सर्व ह्याच मापाचे उपाय होत. मांजरी पिलाची मान धरते, मग आपण कां धरूं नये, असा प्रश्न कोणी करील. मांजरी मान धरते ती लहानग्यास उचलून नेण्यासाठीं, शिक्षेसाठीं नव्हे. आणि चार महिन्यांचें पिलूं मानेनें लोंबकळविलें तर त्याच्या वजनानें त्यास इजा होते.

चावण्यास बंदी करून भागत नाहीं, चावण्यास जागाहि द्यावी लागते. शेतकऱ्याच्या घरीं यासाठीं पैसा खर्चावा लागत नाहीं. हातभर काठीस सुतळी बांधून तिच्या टोकास चिंधी किंवा कोंबडीचें पीस बांधावें. म्हणजे माणसाचा हात व पिलाचे दांत ह्यांत दोन-तीन हातांचें अंतर राहतें. तें पीस उंदरासारखें चालवावें: जमिनीवरून, भिंतीच्या कडेनें, पिलापासून दूर जाणारें, मध्येंच थांबणारें, पोत्याआड नाहींसें होणारें. पिलाच्या तोंडावर नेऊन आपटलेल्या पिसांत त्यास रस वाटत नाहीं, कारण कोणताहि उंदीर आपण होऊन मांजराकडे येत नाहीं. शेवटीं तें पीस पिलास पकडूं द्यावें; सदा निसटणारी शिकार त्यास चिडवून सोडते. मिठी मारून मागील पायांनीं खरवडण्यासाठीं तरटाची वीतदीड वीत लांबीची पिशवी चिंध्या भरून शिवून द्यावी. नखांसाठीं एखादा ओबडधोबड लांकडाचा ओंडका कोपऱ्यांत उभा ठेवावा. खेळणीं दोन-चार ठेवून आळीपाळीनें काढावीं. इंग्लंडांतील साउदॅम्प्टन विद्यापीठांत २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असें दिसून आलें आहे कीं, मांजर एकाच वस्तूस लौकर कंटाळतें, परंतु वस्तु बदलतांच पुन्हां उत्साहानें खेळूं लागतें. सुतळी मात्र खेळानंतर आठवणीनें उचलून ठेवावी. गिळलेली दोरी आंतड्यांत अडकून पिलें दगावतात.

खेळाची वेळहि पाहून ठेवावी. मांजराचा उत्साह पहांटे व दिवेलागणीस अधिक असतो, आणि नेमक्या त्याच वेळीं घरांत धारा काढणें, स्वयंपाक, गुरांची वैरण अशी धांवपळ चालते. म्हणून पायांवर झेपा येतात त्या बहुधा ह्याच वेळीं. त्याआधीं पांच-दहा मिनिटें काठीच्या पिसाचा खेळ करावा व लगेच खावयास घालावें. शिकार, खाणें, अंग चाटणें व झोंप हा मांजराचा स्वाभाविक क्रम आहे. तो पुरा झाला म्हणजे पिलूं चुलीजवळ वेटोळें करून झोंपतें.

असें खेळवून व खाऊं घालून पिलूं आळशी बनेल व उंदीर धरणार नाहीं, ही शंका प्रत्येक शेतकऱ्यास येते आणि ती टाकाऊ नाहीं. एक्सेटर विद्यापीठानें २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, मोठ्या पाळीव मांजरांशीं रोज पांच-दहा मिनिटें खेळल्यास तीं घरीं आणीत त्या शिकारींत सुमारें चौथाईनें घट झाली, असें आढळलें. परंतु घट झाली, शिकार बंद झाली नाहीं. आणि पिलाच्या खेळाचे दिवस थोडे असतात. मोठ्या मांजरास रात्रीं कोठारांत मोकळें सोडावें, त्याशीं खेळत बसण्याचें कारण नाहीं. आणि उपाशी मांजर जास्त उंदीर मारतें हा समज तर सोडून द्यावा. ऑक्सफर्ड येथील प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनीं १९५३ सालीं शेतवाड्यांवरील मांजरांविषयीं जो लेख प्रसिद्ध केला, त्यांत रोज दूध घातलेलीं मांजरें वाड्याच्या आसपास टिकून राहतात व एकदां उंदरांपासून मुक्त केलेली जागा तशीच राखतात, असें दाखविलें आहे. उंदरांचा सुळसुळाट झालेली जागा केवळ मांजरांच्या बळावर साफ होत नाहीं, हेंहि त्याच लेखांत आहे. पूर्ण वाढलेल्या घुशीच्या वाटेस तर बहुतेक मांजरें जातच नाहींत; तेथें दुसरे उपाय हवेत. त्या उपायांत विष घालणाऱ्यांनीं एवढें लक्षांत ठेवावें कीं, विष खाल्लेला उंदीर मांजरानें खाल्ला तर मांजरहि मरूं शकतें.

उपासमारीचा परिणाम खेळावरहि होतो. भुकेलें पिलूं अधिक आवेशानें झडप घालतें. केवळ दूध-भातावर किंवा ताक-भाकरीवर ठेवलेल्या पिलाचें पोषण नीट होत नाहीं, कारण मांजर हा निव्वळ मांसाहारी प्राणी आहे. मांसांत असणारें टॉरिन नांवाचें द्रव्य त्याच्या आहारांत फार कमी पडल्यास डोळे व हृदय बिघडतें. शाकाहारी घरांत मांजर पाळावयाचें तर तें उंदरांवर व बाहेरच्या शिकारीवर पोट भरील असा भरवसा पिलाच्या वयांत धरतां येत नाहीं. तेथें विकतचें मांजरांचें खाद्य घालावें हेंच बरें. किनाऱ्याकडील घरांत मासळीचीं डोकीं असतातच.

उंदीर मारणें पिलूं खरोखर कोठें शिकतें, याविषयींचा एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. चिनी शास्त्रज्ञ झिंग-यांग कुओ यांनीं १९३० सालीं तो प्रसिद्ध केला. आईला उंदीर मारतांना पाहत वाढलेल्या २१ पिलांपैकीं १८ पिलांनीं पुढें उंदीर मारले. एकटीं वाढविलेल्या २० पैकीं ९ पिलांनीं मारले. आणि लहानपणापासून उंदरांच्या सहवासांत ठेवलेल्या १८ पैकीं केवळ ३ पिलांनीं मारले. याचा अर्थ उघड आहे. झेप घेण्याची ओढ उपजत असली तरी तिचा विषय ठरतो तो आईच्या उदाहरणानें व लहानपणच्या सवयीनें. मांजरी आधीं मेलेला, मग अर्धमेला, शेवटीं जिवंत उंदीर पिलांपुढें आणून टाकते ती उगीच नव्हे. तेव्हां चांगली उंदीरमारी मांजरी असलेल्या घरचें पिलूं निवडावें, आणि तें तिच्याजवळ पुरेसे दिवस राहूं द्यावें. लौकर उचललेलें पिलूं दोन्हीं बाजूंनीं तोट्याचें ठरतें: माणसास चावतें आणि उंदरास सोडतें.

खेळ कोणता व खरा राग कोणता हें ओळखतां आलें पाहिजे, विशेषतः घरांत लहान मुलें असल्यास. खेळणारें पिलूं बहुधा आवाज करीत नाहीं. त्याचे कान उभे असतात. तें पाठीची कमान करून आडवें आडवें उड्या मारतें, पळतें, पुन्हां येतें. दोन पिलें खेळत असलीं तर कधीं एक वर असतें, कधीं दुसरें. रागावलेलें वा भ्यालेलें पिलूं कान मागें चपटे करितें, गुरगुरतें, फिसकारतें, अंगावरचे केस फुलवितें, आणि पळावयास वाट मिळाली तर पळतें. अशा वेळीं त्यास धरूं जाणें हा वेडेपणा होय; वाट मोकळी करून द्यावी. आजवर सौम्य असलेलें मांजर एकाएकी हात लावूं देईनासें झालें तर बहुधा कोठें तरी दुखत असतें, आणि तें पशुवैद्यास दाखवावें. लहान मुलांस मात्र हीं लक्षणें समजत नाहींत. पांच-सहा वर्षांच्या आंतील मुलास पिलापाशीं एकटें सोडूं नये. मूल शेपूट ओढतें, पिलूं चावतें, आणि चूक कोणाची हें मागाहून ठरवून उपयोग नसतो.

आतां शेवटची, पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट. चावा खेळांतील असो वा रागाचा, जखम ती जखमच. मांजराचे दांत बारीक व लांब असल्यामुळें छिद्र लहान दिसतें व आंत खोल जातें. वरून कातडी मिटते आणि मांजराच्या तोंडांतील जंतु आंत राहतात. पुष्कळदां एका दिवसाच्या आंत हात सुजून ठणकूं लागतो. अशी सूज आल्यास घरगुती लेपांवर विसंबूं नये, डॉक्टरकडे जावें. शिवाय रेबीज, म्हणजे पिसाळण्याचा रोग, कुत्र्याप्रमाणें मांजरापासूनहि होतो, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. तो एकदां प्रकट झाला म्हणजे त्यावर औषध नाहीं. प्रकट होण्यापूर्वीं मात्र लशीनें तो टाळतां येतो. मांजराचा दांत लागला, किंवा नखाचा ओरखडा उमटला, तर ती जागा वाहत्या पाण्याखालीं साबणानें पूर्ण १५ मिनिटें धुवावी. हळद, चुना, तिखट, तंबाखू असें कांहींहि जखमेंत भरूं नये. आणि त्याच दिवशीं प्राथमिक आरोग्य केंद्रांत किंवा सरकारी रुग्णालयांत जावें. लस द्यावयाची कीं नाहीं, आणि रक्त निघालें असल्यास लशीबरोबर जखमेंत दुसरें औषध टोंचावयाचें कीं नाहीं, तें डॉक्टर ठरवितात. पोटांत चौदा सुया टोंचतात ही भीति अजून खेड्यांत आहे. ती जुन्या लशीची गोष्ट झाली. आज सुया दंडांत देतात व त्या थोड्याच असतात.

येथें पोत्यांत घालून सोडून देण्याच्या रीतीचा सर्वांत मोठा दोष उघड होतो. चावलेलें मांजर दहा दिवस नजरेखालीं ठेवावें लागतें. लस पहिल्याच दिवशीं सुरू करावयाची असते, मांजराची वाट पाहत थांबावयाचें नसतें. परंतु तें दहा दिवस धडधाकट राहिलें तर चाव्याच्या वेळीं त्यास रेबीज नव्हता हें ठरतें व पुढील सुयांविषयीं डॉक्टरांस निर्णय घेतां येतो. ज्या घरानें रागाच्या भरांत तें पिलूं ओढ्यापलीकडे टाकलें त्या घरास ही खात्री करून घेण्याचा मार्गच उरत नाहीं. तेव्हां चावणारें पिलूं टाकूं नये, कोंडून ठेवावें, खाऊं घालावें व पाहत राहावें. तें खाईनासें झालें, लाळ गाळूं लागलें, विनाकारण अंगावर येऊं लागलें किंवा त्याचा मागील भाग लुळा पडला, तर त्यास हात न लावतां पशुवैद्यास कळवावें. पिलास स्वतःस रेबीजची लस तीन महिन्यांचें झाल्यावर टोंचून घ्यावी व पुढें पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणें ती पुन्हां देत जावी. नर-मादी दोहोंची शस्त्रक्रिया पांचव्या महिन्याच्या आंत झाल्यास मांजरी प्रथमच गाभण राहण्याचा प्रसंग बहुधा टळतो. त्याच खेपेस दोन्हीं कामें पशुवैद्यकीय दवाखान्यांत विचारून उरकून घेतां येतात.